भूमीसाठी लढणाऱ्यांनी भूमी वाचावी

(वाचनालयाच्या सभागृहात भरलेल्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात आमच्या संपादकांनी केलेले भाषण वाचकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



या सभागृहात आम्ही पुष्कळदा उभे राहिलो आहोत. कधी १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी, कधी १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची हाक देण्यासाठी, तर कधी लाठीमारात जखमी झालेल्या कार्यकर्त्यांची विचारपूस करण्यासाठी. त्या प्रत्येक वेळी आमच्या तोंडी एक शब्द हटकून असे. तो शब्द भूमी. आमची भूमी आम्हांला द्या, हे मागणे १९५६ पासून आपण मागत आलो. गेल्या पिढीने मागितले, आपण मागत आहोत. पण आज विद्यार्थ्यांपुढे उभे राहताना आमच्या मनात एक अवघड प्रश्न येतो. जी भूमी आपण मागतो ती कशाची बनली आहे, तिच्या पोटात काय आहे, तिच्यावर पाऊस कोठून येतो, ती कधी व का हादरते, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आणि ज्या मुलांना ते शिकायची इच्छा आहे, त्यांना शिकविण्यासाठी आपण काय केले?

हा प्रश्न आम्हांला पुस्तकातून सुचलेला नाही. तो एका विद्यार्थ्याने आमच्या मेजावर आणून ठेवला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ऑक्टोबर संपत आला होता. काळ्या दिनाच्या फेरीची तयारी जोरात चालू होती आणि कचेरीत पत्रकांच्या गठ्ठ्यांतून वाट काढावी लागत होती. अशा वेळी एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. बारावीला विज्ञानशाखेत त्याने उत्तम गुण मिळविले होते आणि भूशास्त्र घेऊन पदवीचा अभ्यास सुरू केला होता. हातात शिष्यवृत्तीच्या अर्जाचे कागद होते. एक दाखला एका कचेरीतून मिळत नव्हता. दुसऱ्या एका कागदाचे भाषांतर करून हवे होते. आणि अर्जाची मुदत आठवड्यावर आली होती. त्याने खिशातून एक काळा दगड काढून आमच्यापुढे ठेवला. घरची विहीर खणताना तो निघाला होता. दगडाच्या मधोमध पोकळी होती आणि तिच्यात पांढरे, चकचकीत स्फटिक दाटले होते. “साहेब, हे त्यात कसे आले असतील?” त्याने विचारले.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. त्याच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेवढ्यापुरता दोष आमचा नव्हे. पण त्याच्या अर्जाला जे उत्तर आम्ही दिले त्याचा दोष मात्र सर्वस्वी आमचा. “एक तारीख होऊ दे, मग बघू,” असे म्हणून आम्ही पत्रकांचा एक गठ्ठा त्याच्या हाती दिला. त्याने ती पत्रके घरोघरी वाटली. फेरीत तो पुढच्या रांगेत चालला. मुदत टळून गेली. दुसऱ्या वर्षी त्याचे शिक्षण सुटले आणि आज तो एका आडत दुकानात दिवाणजीचे काम करतो. वाटेत भेटला की नमस्कार करतो. त्याने आम्हांला कधी बोल लावला नाही, आणि तेच आम्हांला अधिक लागते.

त्या दगडाचे उत्तर आम्हांला पुढे एका प्राध्यापकांकडून कळले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या मुलखात भूपृष्ठाला भेगा पडून तप्त लाव्हा बाहेर आला. थरांवर थर साचत गेले. आज महाराष्ट्र आणि त्याच्या शेजारचे प्रदेश मिळून सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर भूमीवर हा काळा पाषाण पसरलेला आहे. लाव्हा थंड होत असता त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून राहिले. त्या पोकळ्यांत मागाहून पाणी झिरपले आणि पाण्यातील द्रव्यांचे स्फटिक जमत गेले. आपल्या बेळगावच्या आसपास या पाषाणाची दक्षिणेकडची कड येते. तेथून गोकाककडे गेले की त्याच्याखालचा, त्याहून फार प्राचीन असा वालुकामय खडक उघडा पडतो, आणि त्याच खडकावरून घटप्रभा गोकाकला उडी घेते. माथ्यावर जांभा, त्याखाली काळा कातळ, त्याखाली कलादगीचा खडक: आपल्या पायांखाली असा हा थरांचा ग्रंथ पडलेला आहे आणि आपण त्याचे पानही उलटलेले नाही.

दुसऱ्यांनी मात्र ती पाने उलटली. रॉबर्ट ब्रूस फूट हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा इंग्रज अधिकारी या मुलखात पायी हिंडला. गोकाकनजीक त्याला नामशेष झालेल्या गेंड्याचे अवशेष सापडले. १८७४ साली त्याने त्या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याच्या नावात ‘दख्खन’ घातले. १८७६ साली या टापूच्या भूस्तरांवर त्याचा मोठा प्रबंध निघाला. त्याच्या शीर्षकात या प्रदेशाचे नाव काय आहे? ‘दक्षिण मराठा प्रदेश’. हे ऐकताच काही कार्यकर्त्यांनी टाळी वाजविली, ती आम्ही समजू शकतो. परंतु टाळी वाजविण्यापूर्वी थोडे थांबावे. दगडाला मातृभाषा नसते आणि काळ्या पाषाणाच्या कडेवरून राज्याची सीमा आखा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आपली मागणी लोकांच्या भाषेवर आणि लोकांच्या इच्छेवर उभी आहे. तिला खडकाचा टेकू नको. आम्हांला सल आहे ती निराळी. आपल्या भूमीवरचा तो पायाभूत ग्रंथ परक्याने परक्या भाषेत लिहिला.

जी गोष्ट भूमीची तीच आकाशाची. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया आपल्या मुलखावरून गेली. त्या वेळी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल लंडनच्या रॉयल सोसायटीची उपकरणे घेऊन येऊन राहिला होता. युरेनस शोधून काढणाऱ्या विल्यम हर्शेलचा हा नातू. आकाशात ढग होते. त्यांच्या फटीतून त्याने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. त्याच ग्रहणाच्या वेधांतून हेलियम या द्रव्याची पहिली चाहूल शास्त्रज्ञांना लागली. जमखंडीच्या माळावर त्या दिवशी पाहणारे डोळे पुष्कळ असतील; पण वर्णपट वाचणारे डोळे समुद्रापलीकडून आणावे लागले.

आपल्यात बुद्धीची वाण होती असे नव्हे. १८५४ साली नरगुंदला जन्मलेले व्यंकटेश बापूजी केतकर यांनी शाळाखात्यात शिक्षकाची नोकरी करीत आयुष्य काढले. मुलांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात त्यांनी ‘ज्योतिर्गणित’ रचले. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख छापून आला, आणि त्यात नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत असे अनुमान त्यांनी मांडले होते. १९३० साली प्लूटो सापडला. त्याच वर्षी केतकर निवर्तले. त्यांची रीत आजच्या शास्त्राला मान्य होण्यासारखी होती की नाही, हा भाग निराळा. पण वेधशाळा नाही, विद्यापीठाची वृत्ती नाही, सहाध्यायी नाहीत, अशा स्थितीत एक शाळामास्तर पॅरिसच्या विद्वानांशी पत्रिकेतून बोलत होता. त्याला तरुणपणी चार वर्षे निर्वेधपणे अभ्यास करता आला असता तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कोणी म्हणेल, उपकरणे असती तर सर्व काही झाले असते. तसेही नव्हे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून १८८८ साली वेधशाळा उभी राहिली. त्या काळी देशात तिच्या तोडीची सामग्री क्वचितच कोठे असेल; वीस इंची आरशाची दुर्बीण तेथे होती. प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी ती सांभाळली आणि १८९८ च्या खग्रास ग्रहणाचे वेध घेण्यासाठी ते जेऊर येथे तळ ठोकून राहिले. परंतु १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही मोडली. दुर्बीण पेट्यांत बंद होऊन कोडईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीने एक विद्या पुण्यातून उठून गेली! दुर्बिणीसाठी देणगी होती. त्या दुर्बिणीपाशी बसणाऱ्या पुढच्या माणसासाठी मात्र तरतूद नव्हती.

मित्रहो, शिष्यवृत्तीचा अर्थ एवढाच आहे. शिष्यवृत्ती म्हणजे पुढच्या माणसाची तरतूद. हुशार मुलाच्या पाठीवर दिलेली शाबासकी एवढाच तिचा अर्थ आपण धरून बसलो, म्हणून आपले गुणगौरव समारंभ नारळ, शाल आणि टाळ्या यांवर आटोपतात. नारळ घरी जाऊन फुटतो. परीक्षेचे शुल्क मात्र दुसऱ्या दिवशी भरावयाचे असते.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. पेशवाईत विद्वानांना दक्षिणा मिळे. इंग्रजी अमलात त्या दक्षिणेच्या पैशातून पुण्याची पाठशाळा, पुढे कॉलेजातील दक्षिणा फेलो आणि ग्रंथांसाठी दक्षिणा प्राइज कमिटी निघाली. मुरूडला जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही शाळाशिक्षकच. त्यांनी भारतीय ज्योतिषाचा जो इतिहास लिहिला त्याच्या मुळाशी याच कमिटीने लावलेले पारितोषिक होते. १८९६ साली निघालेला तो मराठी ग्रंथ आजही त्या विषयाचा आधार मानला जातो.

१८९२ साली जमशेटजी टाटा यांनी दुसरा मार्ग दाखविला. त्यांनी परदेशी शिक्षणासाठी जो निधी उभारला त्यातून शिष्यवृत्ती कर्जाऊ दिली जाते. शिकून आलेल्याने ती फेडावयाची आणि त्या पैशावर पुढच्याने जावयाचे. त्या निधीच्या पहिल्या मानकऱ्यांत पुढे कोल्हापुरात रुग्णसेवा केलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. कोल्हापुरातच जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले. तेही टाटा शिष्यवृत्तीचेच मानकरी. परत आल्यावर त्यांनी पुण्यात ‘आयुका’ ही खगोलसंस्था उभी केली आणि तिच्या दारातून पुढे किती विद्यार्थी गेले! १९१२ साली पुण्यातून पेट्यांत भरून गेलेली विद्या १९८८ साली परत आली ती अशी, माणसाच्या पाठीवरून.

मुलींच्या आयांना आम्ही आणखी एक नाव सांगतो. त्रावणकोर संस्थानात १९१८ साली जन्मलेल्या अण्णा मणी यांना पदार्थविज्ञानात संशोधन करावयाचे होते. १९४५ साली त्या सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेल्या तेव्हा जागा उपलब्ध होती ती हवामानाच्या उपकरणांच्या अभ्यासाची. त्यांनी तीच घेतली. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि तोवर परदेशातून आणावी लागणारी उपकरणे देशात घडविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे त्यांच्या देखरेखीखाली प्रमाणित झाले. एका शिष्यवृत्तीने एका मुलीची वाट बदलली, आणि त्या मुलीने देशाच्या हवामानशास्त्राला हातपाय दिले.

आता आजचे बोलू. या विद्येची वाट आज पूर्वीइतकी अंधारी नाही. आपण तिच्यावर दिवा घेऊन उभे राहत नाही एवढेच.

नववीच्या मुलांसाठी अंतराळ संशोधन संस्थेने २०१९ साली ‘युविका’ हा उपक्रम सुरू केला. निवडलेल्या मुलांना संस्थेच्या केंद्रात नेतात. प्रवास, निवास, भोजन यांचा खर्च संस्था करते. आणि निवडीत खेड्यातल्या शाळेत शिकणाऱ्यास वेगळे गुण असतात. बारावीनंतर केंद्र शासनाच्या विज्ञान खात्याने २००८ साली सुरू केलेली ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. आपापल्या मंडळाच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी ती योजलेली. तिची रक्कम वर्षाला ८०,००० रुपये. त्यांतील २०,००० उन्हाळी संशोधनासाठी. तिच्या विषयांच्या यादीत भूशास्त्र, भूभौतिकी, भूरसायन, वातावरणविज्ञान, सागरविज्ञान आणि खगोलविज्ञान ही सारी आहेत. आपल्या किती शाळांच्या सूचनाफलकांवर ही यादी लागलेली आहे, ते मुख्याध्यापकांनी मनाशी विचारावे.

अंतराळ विभागाने २००७ साली तिरुवनंतपुरमजवळ स्वतःचे अध्यापनकेंद्र काढले. तेथे अभियांत्रिकीबरोबर खगोलविज्ञान व पृथ्वीप्रणालीविज्ञान यांचेही शिक्षण मिळते. पदवीनंतर आयआयटींच्या ‘जॅम’ या प्रवेशपरीक्षेत भूशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. भूशास्त्र वा भूभौतिकी घेऊन पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांसाठी ओएनजीसीची वार्षिक ४८,००० रुपयांची शिष्यवृत्ती निघाली आणि तिच्यात निम्मा वाटा मुलींचा ठेवला गेला. संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी सीएसआयआरची नेट परीक्षा आहे. पृथ्वी, वातावरण, सागर आणि ग्रह यांचे विज्ञान मिळून तिच्यात एक स्वतंत्र विषय मानलेला आहे. तिच्यातून कनिष्ठ संशोधकवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ च्या आरंभापासून दरमहा ३७,००० रुपये ठरलेले आहेत. एखाद्या प्रामाणिक कुटुंबाचा प्रपंच चालावा एवढी ही रक्कम आहे. रकमा आणि नियम बदलतात. २०२२ साली किशोर वैज्ञानिक योजना बंद झाली तशी एखादी योजना मिटतेही. म्हणून भाषणावर विसंबू नका. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम मिळवून वाचा.

या यादीत सीमाभागातल्या मुलासाठी एक मोठी खूण दडलेली आहे. राज्यांच्या शिष्यवृत्त्या बहुधा अधिवासाला बांधलेल्या असतात. आपला मुलगा कोल्हापूरला वा पुण्याला गेला की एका राज्याला तो बाहेरचा वाटतो आणि दुसऱ्याला तो निघून गेलेला वाटतो. पण आता सांगितलेल्या योजना केंद्राच्या आहेत. त्या तुमचे गाव कोणत्या राज्यात आहे ते विचारीत नाहीत. तुमचे गुण, तुमचा विषय आणि काही ठिकाणी घरचे उत्पन्न एवढेच विचारतात. ज्यांच्या गावाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या दारी २००४ सालापासून आहे, त्यांनी तरी या योजना डोळ्यांत तेल घालून पाहिल्या पाहिजेत. दाव्याला तारीख मिळते, ती पुढेही जाते. विद्यार्थ्याचे सतरावे वर्ष मात्र पुढे जात नाही.

महाराष्ट्र शासनाकडेही आमचे एक मागणे आहे. अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांचा स्वतंत्र प्रकार महाराष्ट्राने मानला आहे. म्हणजे तत्त्व मान्य झालेले आहे. तेच तत्त्व, जेथे जेथे राज्याच्या शिष्यवृत्तीला अधिवासाची अट आडवी येते, तेथे तेथे लागू करावे. ज्याला आपण आपला म्हणतो त्याला वर्गात बसू द्यावयाचे आणि जेवणाच्या पंगतीतून उठवावयाचे, हे बरे दिसत नाही.

आता थोडे कडू बोलतो. आपल्या माणसांत नाही बोलावे तर कोठे बोलावे? परवा एका पालकांनी आम्हांला विचारले, “मुलाला धारवाडला भूशास्त्राला प्रवेश मिळतो आहे, पण चळवळीतले लोक काय म्हणतील?” आम्ही त्यांना जे सांगितले तेच येथे सांगतो. धारवाडच्या विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. देशातल्या फार पुरातन खडकांच्या एका समूहाला धारवाडचेच नाव आहे. मुलाला तेथे प्रवेश मिळत असेल तर आनंदाने पाठवा. गोव्यात पाठवा, तेथे दोना पावलाला सागरविज्ञान संस्था आणि वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे केंद्र आहे. हैदराबादला पाठवा, तेथे भूभौतिकीची राष्ट्रीय संस्था आहे. आपला झगडा अन्यायाशी आहे, कानडी भाषेशी वा कानडी गुरूंशी नाही. जो मुलगा कानडी प्राध्यापकांकडून खडक ओळखायला शिकेल आणि मराठीत त्यावर पुस्तक लिहील, तो चळवळीला शंभर घोषणांहून अधिक देईल.

दुसरा कडू घोट भाषेचा. आपण मराठी शाळांसाठी लढतो, ते योग्यच आहे. पण आठवीच्या मुलाला आवडेल असे या मुलखाच्या भूस्तरांवर एक तरी मराठी पुस्तक आपण त्याच्या हाती दिले आहे काय? मातृभाषेतून शिकलेला मुलगा मोठ्या परीक्षेत इंग्रजी प्रश्नपत्रिकेपुढे गांगरतो तेव्हा दोष मातृभाषेचा नसतो. तिच्यात शास्त्र न लिहिणाऱ्या आम्हां पदवीधरांचा असतो.

या विद्येने पोट भरेल काय, असे आई-वडील विचारतील. विचारलेच पाहिजे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि भूजल मंडळात संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने भूवैज्ञानिक घेतले जातात. हवामान खाते आहे, खाणी आहेत, धरणे आहेत, बोगदे आहेत. आपल्या डोंगरमाथ्यांवरच्या बॉक्साइटवर ॲल्युमिनाचे कारखाने चालले. तेथे आपण हमाल पुरविले, परीक्षक किती पुरविले? आपल्या शेतकऱ्याचे पैसे विहिरीत जातात. या काळ्या पाषाणात पाणी सर्वत्र नसते. कुजलेल्या, भेगाळलेल्या, सच्छिद्र थरांत असते. ते थर कोठे आहेत हे जाणणारा एक मुलगा तालुक्यात असेल तर किती कोरड्या विहिरी आणि किती कर्जे वाचतील!

आणि पोटाच्या पलीकडेही काही आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर कोसळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झोपलेली माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. सुमारे दहा हजार जीव गेले. त्या पठाराला लोक अचल समजत होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, पंचगंगा, घटप्रभा यांच्या पुराने सीमेच्या दोन्ही बाजूंची गावे एकाच वेळी बुडाली. पाण्याने कोणाची मातृभाषा विचारली नाही. धरणातून पाणी केव्हा सोडावे, पाऊस कोठे किती पडेल, घर कोठे बांधू नये, हे सांगणारी माणसे आपल्याला हवी आहेत. ती दुसऱ्या गावातून येण्याची वाट आपण आणखी किती दिवस पाहणार?

म्हणून आज तीन गोष्टी मागून आम्ही बसणार आहोत.

पहिली अशी: या वाचनालयात एक नोंदवही ठेवावी. शास्त्रशिक्षणाची कोणती शिष्यवृत्ती, तिला कोणते दाखले लागतात, मुदत कधी संपते, हे तिच्यात महिन्याच्या महिन्याला लिहावे. आमच्या पत्राच्या या पानावर दर रविवारी ती यादी आम्ही छापू. तो शब्द आम्ही आज जाहीरपणे देतो.

दुसरी अशी: दाखल्यांसाठी आणि भाषांतरासाठी चार निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी येथे बसावे. कचेऱ्यांत खेटे घालण्याचा जो अनुभव चळवळीने आपल्याला दिला, त्याचा मुलांना एवढा तरी उपयोग होऊ द्या. कोणत्याही फेरीच्या, सभेच्या वा संपाच्या दिवशीही ते मेज बंद राहू नये.

तिसरी अशी: एक लहानसा निधी काढावा आणि त्याला ‘दक्षिणा’ हेच जुने नाव द्यावे. मोठी शिष्यवृत्ती देण्याचे बळ आपल्यात नाही, ते ढोंगही नको. पण शिष्यवृत्ती मंजूर होणे आणि पैसे हाती येणे यांत महिने जातात. शुल्क, खानावळ आणि वसतिगृह मात्र पहिल्या दिवशी दाराशी उभे असतात. मुले गळतात ती बहुधा याच खिंडीत. तेवढ्या महिन्यांपुरते पैसे बिनव्याजी द्यावेत, शिष्यवृत्ती आली की मुलाने ते परत करावेत आणि तेच पुढच्या मुलास जावेत. १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना हार घालतो. यंदापासून प्रत्येकाने हाराच्या किमतीएवढी रक्कम या निधीत टाकावी. हुतात्म्यांचा याने अवमान होईल असे आम्हांला वाटत नाही. ते ज्या भूमीसाठी गेले ती कळणारा एक मुलगा दरवर्षी निघाला, तर त्यांचे स्मरण दगडी स्तंभाहून अधिक टिकेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या हातून चळवळ सुटावी असे आम्ही कदापि म्हणणार नाही. फेरीत या, घोषणा द्या, १ नोव्हेंबरला आमच्याबरोबर चाला. पण अर्जाची मुदत असेल त्या दिवशी आधी अर्ज द्या आणि मग या. उशीर झाला तरी आम्ही तुमची जागा राखून ठेवू. आणि ज्या मुलाची जागा आम्ही राखली नाही, त्याची येथे चार लोकांसमक्ष क्षमा मागतो. त्याचा तो काळा दगड अजून आमच्या मेजावर आहे. त्यात स्फटिक कसे आले ते आता आम्हांला सांगता येते. सांगावयाचे होते त्याला मात्र ते वेळेवर सांगता आले नाही.

जय महाराष्ट्र.